मी कॉलेज होतो

वक्तृत्व स्पर्धेतला कप ही एक गंमतच असते. बोलतो पोरगा, जिंकतं कॉलेज.

1979 चा जानेवारी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला नि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. (नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला, ते वेगळंच.) मावशीचं घर त्यात गेलं. जोंधळ्याची कणगी, भांडी, धाकट्याची पुस्तकं. उरलं ते घेऊन ती आमच्याकडं राह्यला आली.

सरांनी ऑफिसात बोलावलं. एस.टी.चं भाडं दिलं, सही घेतली. स्वतःचा कोटही दिला. बाह्या पार बोटांवर यायच्या. मग म्हणाले, "हे बघ, तिथं तू तू नाहीस. तू कॉलेज आहेस. नामांतराचं काढू नकोस."

माणूस वाईट नव्हता. भीत होता.

मी 'विज्ञान : शाप की वरदान' घेतला. सात मिनिटं, पाचाला पहिली घंटा. सगळं तोंडपाठ. 1945 चं हिरोशिमा आलं, जळती घरं आली, नि माझा आवाज असा काही लागला की परीक्षक माना डोलवाय लागले. त्यांना हिरोशिमा दिसत होतं. मला मावशीची कणगी.

दुसरा नंबर आला. कप प्राचार्यांच्या काचेच्या कपाटात गेला. त्याच्यावर कॉलेजचं नाव.

पुढं लायब्ररीत वाचलं. 9 मे 1916, न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात पंचवीस वर्षांचे बाबासाहेब निबंध वाचतात. विषय भारतातल्या जाती. जातीतल्या जातीत लग्न लावण्यातच जातीचं मूळ आहे, हे परक्या मुलखातल्या विद्वानांपुढं उलगडून मांडतात. शिष्यवृत्ती बडोद्याची होती, बोलणं त्यांचं स्वतःचं होतं. ते पान वाचताना मला सरांचा कोट आठवला. अंगावर अजून असल्यासारखा.

स्पर्धेहून घरी आलो त्या रात्री आईनं सर्टिफिकेट बाबासाहेबांच्या फोटोमागं खोचलं. मावशी चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"आमचं काही सांगितलंस का रे तिथं?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणले?"

"टाळ्या वाजवल्या," मी म्हटलं.