एका सागरी दुर्गाचा जीर्णोद्धार

चिरंजीव नोकरीनिमित्त ग्लासगो शहरीं असतो. गेल्या ज्येष्ठांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों होतों. कोंकणांत जन्मलेल्या बापास समुद्रांतला किल्ला दाखवावा, या हेतूनें त्यानें एके दिवशीं पहाटेस मोटार काढली आणि आम्हांस स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एलन डोनन येथें नेलें.

प्रवास लांबचा. त्याच्या अखेरीस ग्लेन शील नांवाची खिंड लागते. दोन्ही बाजूंस उंच, उघडेबोडके डोंगर. त्यांतील एका शिखरास तेथील गेलिक भाषेंत 'स्पॅनिश लोकांचें शिखर' म्हणतात. स्कॉटलंडच्या डोंगरास स्पेनचें नांव कां, हें कोडें मीं मनांत ठेविलें. खिंड उतरतांच खारें पाणी दिसूं लागलें. तीन खाड्या जेथें एकत्र येतात तेथें चिमुकलें बेट, बेटावर करड्या दगडांचा किल्ला आणि किनाऱ्यापासून तेथवर कमानींचा अरुंद पूल. ओहोटीमुळें बेटाभोंवतींचे शेवाळलेले खडक उघडे पडले होते. मीं नकळत हात जोडले.

डोनन हा ख्रिस्ती साधु, इ. स. ६१७ मध्यें तो मारला गेला. त्याच्या नांवाच्या या बेटावर तेराव्या शतकांत, समुद्रमार्गें येणाऱ्या नॉर्स लोकांपासून बचावासाठीं, तट उभा राहिला. पुढें किल्ला मॅकेंझी घराण्याकडे आला व मॅक्रे कुळांतील पुरुष त्याचे पिढीजाद रखवालदार झाले. १५३९ सालीं डोनल्ड गोर्म नामक सरदारानें वेढा घातला, तेव्हां आंत मूठभर माणसें होतीं. डंकन मॅक्रे यानें भात्यांतला शेवटचा बाण सोडला. तो गोर्मच्या पायांत रुतला, त्यानें तो रागानें उपटला आणि रक्त जाऊन तो मेला, असें सांगतात. जराव्याधाचा बाणहि भगवंताच्या पायींच लागला होता. असो.

डोंगराच्या नांवाचा उलगडा १७१९ सालांत आहे. पदच्युत स्टुअर्ट घराण्यास पुन्हा गादीवर बसविण्यासाठीं बंड झालें व त्यास स्पेननें साह्य दिलें. सुमारें ४५ स्पॅनिश शिपाई या किल्ल्यांत होते. १० मे रोजीं ब्रिटिश आरमाराच्या तीन जहाजांनीं तोफा डागल्या, किल्ला घेतला आणि दारूचीं २७ पिंपें लावून तो उडवून दिला. बरोबर एका महिन्यानें ग्लेन शीलच्या लढाईंत बंडाचा शेवट झाला. तेथेंहि स्पॅनिश लढले, म्हणून तें शिखर त्यांचें. याच आरमाराचीं जहाजें ३७ वर्षांनीं विजयदुर्गाखालीं आलीं आणि आंग्र्यांचीं गलबतें जळून खाक झालीं. विजयदुर्गाची ती हकीकत मीं वर्गांत कितीदां तरी शिकविली. एलन डोननचें नांवहि मला ठाऊक नव्हतें.

येथपर्यंत सर्व यथास्थित होतें. मग चिरंजीव म्हणाला, "अण्णा, तुम्ही पाहतां आहां तो किल्ला जुना नाहीं." स्फोटानंतर जवळजवळ दोनशें वर्षें येथें केवळ पडक्या भिंती होत्या. १९११ सालीं जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप या लष्करी अधिकाऱ्यानें बेट विकत घेतलें आणि फार्कर मॅक्रे या गवंड्याच्या देखरेखीखालीं किल्ला पुन्हा बांधविला. मूळ किल्ला आपणांस स्वप्नांत दिसला, असें फार्कर म्हणे. काम १९३२ सालीं पुरें झालें. पूलहि त्याच वेळचा. म्हणजे पुरातन समजून मीं ज्यास हात जोडले, तो माझ्या तीर्थरूपांहून चार वर्षांनीं लहान!

मला राग आला. नवी मूर्ति स्वयंभू म्हणून दाखविल्यासारखें वाटलें. आंत फिरतांना मीं प्रत्येक दगडाकडे संशयानें पाहूं लागलों. आमच्या कुटुंबास असला कांहीं त्रास नव्हता. तेथील स्वयंपाकघर १९३२ सालीं होतें तसें मांडून ठेविलें आहे. त्यापुढून त्या हलेनात.

"आपल्या गांवच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां पहिली वर्गणी तुमचीच होती," असें चिरंजीव म्हणाला. मीं उत्तर दिलें नाहीं. बाहेर पहिल्या महायुद्धांत पडलेल्या मॅक्रे पुरुषांचें स्मारक आहे. तेथें बराच वेळ उभा राहिलों. रखवालदारांच्या वंशजांनींच धन्याचें घर उभें केलें, हें मला मान्य करावें लागलें.

सर्वांत जिव्हारीं लागली ती निराळीच गोष्ट. १७१४ सालीं, म्हणजे नाशाच्या पांचच वर्षें आधीं, लुई पेटी नांवाच्या लष्करी इंजिनिअरानें या किल्ल्याचे मोजून नकाशे काढले होते. ते कागद सांपडले केव्हां, तर नवें बांधकाम संपत आलें तेव्हां! तोंवर अंदाजानें भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या मुळाशीं सर्वत्र जुळत नाहींत.

राजापूर तालुक्यांत आमचें चार पिढ्यांचें घर आहे. धाकटे बंधु दहा वर्षें म्हणत आहेत कीं, उतरवून नवें बांधूं. मी थोरला, सही देत नाहीं. जुनें जसें आहे तसें राहूं द्या, असें मी म्हणत राहिलों आणि तेवढ्यांत दोन पावसाळ्यांनीं पडवी व गोठा नेला.

त्या रात्रीं बंधूंस पत्र लिहिलें. घर उतरविण्यास माझी संमति आहे. मात्र वासा हलविण्यापूर्वीं ओटी, माजघर व देवघर यांचीं मापें टेप धरून घ्यावींत. उंबऱ्याची उंची आणि देवघरांतला तिरका कोनाडा विसरूं नये. त्या कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक त्यांच्याजवळ राहील, दुसरी मजकडे पाठवावी.