टोक नसलेला सुरा

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी माझ्या भट्टीवरून गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर होती, धोक्याची रेषा ४५ची. आमचं गाव पलूस तालुक्यातलं. लष्कराच्या रबरी बोटीनं आम्हा सात जणांना माळवदावरून उतरवून घेतलं. वाटेत इंजिन बंद पडलं. पंख्याला नायलॉनचं दावं गुंडाळलं होतं, कुणाच्या तरी गोठ्यातलं असावं. एक जवान पालथा पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून ते कापत होता. दुसऱ्यानं त्याचा कंबरपट्टा धरून ठेवला होता. सुरा ओल्या दाव्यावरून नुसता घसरत होता. मी जातीचा लोहार, माझी नजर त्या पात्यावरून हलेना. बोट धारेला लागून वाहत चालली होती. ८ तारखेला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, हे छावणीत कळलं तेव्हा तीच दहा मिनिटं पुन्हा डोळ्यांपुढे आली.

माझा भाचा खडकीला, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याला म्हटलं, तुम्हाला पाण्यात कसला सुरा लागतो ते सांग, मी करतो.

“मामा, पहिलं म्हणजे टोक नको,” तो म्हणाला. “रबरी बोटीत माणूस माणसावर पडतो. टोक बोटीत घुसलं तर सगळेच गेलो. आणि बुडणाऱ्याच्या अंगावरचा पट्टा कापताना पातं त्याच्या छातीला घासूनच आत घालावं लागतं.”

तीस वर्षं मी टोकं काढत आलो. विळा, सुरा, सगळ्याला टोक आधी, मग बाकीचं. त्यामुळे पहिली दोन पाती सवयीनं टोकदारच झाली. ती तोडून बोथट, चौकोनी केली.

पोलाद ट्रकच्या जुन्या पाट्याचं घेतलं. पहिलं पातं लाल झाल्यावर खुरप्यासारखं पाण्यात बुडवलं आणि ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. पुसून उजेडात धरलं तर धारेपासून केसाएवढी चीर वर गेलेली. पाट्याच्या पोलादाला तेलच लागतं. आता लोहचुंबक चिकटेनासा झाला की पातं आणखी जरासं तापवतो आणि कोमट तेलात सोडतो. निघतं तेव्हा ते काचेसारखं कडक असतं, पडलं तर फुटेल. म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा मंद आचेवर धरायचं. चकाकीवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला की लगेच बाजूला. निळा होईपर्यंत थांबलात तर पातं मऊ पडलं, त्याची धार टिकत नाही. हा रंग बघायला मी भट्टीपुढे पोतं लावून अंधार करतो.

निम्म्या पात्याला गोल कानशीनं दाते पाडले. ओल्या नायलॉनवर साधी धार सरकते, दाता मात्र एकेक पीळ पकडतो. रात्रभर बादलीत भिजवलेलं दावं साध्या धारेनं बारा-तेरा हातांत तुटायचं, दात्यांनी तीन हातांत तुटलं. बाभळीची मूठ पाण्यानं फुगली, तेव्हा ती काढून नारिंगी दोरी आवळून गुंडाळली. गढूळ पाण्यातही दिसते.

गंज मात्र मला थांबवता आलेला नाही. न गंजणाऱ्या पोलादाला हजार अंशांच्या वरचा नेमका ताव लागतो, तो कोळशाच्या भट्टीत नजरेनं जमत नाही. भाच्याला हे आधीच सांगितलं आहे. प्रत्येक वेळी पुसून, तेल लावूनच ठेवायचा.

आतापर्यंत पाच सुरे दिले. पैसे घेतले नाहीत, घेणारही नाही. सहावा त्याच्या एका साथीदारासाठी आहे, आणि तो डावखुरा. दाते एकाच अंगानं पाडलेले असतात. डाव्या हातात तेच पातं दोर सोडून बाहेर पळतं. म्हणून या वेळी कानस उलट्या अंगानं चालवतोय. हाताला सवय नाही, दोन दाते वाकडे गेले. उद्या नवं पातं घेतो. भाच्याची सुट्टी रविवारपर्यंत आहे.