भाताच्या गावी कोरियन पाहुणा

छत्तीसगडमधल्या जुन्या माणसासमोर 'कोरिया' म्हटलं, की त्याच्या डोळ्यांपुढे सेऊल येत नाही, बैकुंठपूर येतं. राज्याच्या उत्तरेला, डोंगर-जंगलांच्या मुलखात कोरिया नावाचं एक संस्थान होतं आणि १९९८ साली त्याच नावाचा जिल्हा झाला. त्यामुळे नातवंडांनी ''आज कोरियन खायला जाऊ या'' असं म्हटल्यावर रायपूरचे एखादे आजोबा, 'त्या जिल्ह्यात खाण्याचं एवढं खास काय असतं बुवा?' अशा विचारात पडले, तर त्यांना हसू नये.

नातवंडांचा कोरिया अर्थातच वेगळा. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी कोरियन मालिकांनी ठाण मांडलं आणि त्या मालिकांतली माणसं तर सतत काहीतरी खातच असतात! रस्त्यावरच्या तंबूत उभ्या-उभ्या, लालभडक रश्शात बुडालेले पांढरे तुकडे काडीला टोचून खाणारी नायिका पाहिली, की ते आपल्यालाही हवं असं वाटणं साहजिकच. मग नूडल्सची 'कोरियन' पाकिटं वाण्याच्या दुकानात आली आणि मागोमाग मॉलच्या फूड कोर्टात डोसा, पिझ्झा, मोमो यांच्या रांगेत कोरियन पदार्थांनाही जागा मिळाली. जी. ई. रोडवरच्या 'मॅग्नेटो'सारख्या मॉलमुळे फूड कोर्ट ही गोष्ट रायपूरला नवी राहिलेली नाही. नवी आहे ती फलकावरची नावं. तोकबोक्की, बिबिमबाप, किंबाप, किमची!

अशा एखाद्या टेबलाभोवती एक मराठी कुटुंब बसलंय, असं डोळ्यांपुढे आणावं. रायपूरला ते शोधावं लागत नाही. भोसल्यांच्या राज्यापासून मराठी माणसं या भागात आहेत. बिंबाजी भोसले रतनपूरला गादी करून राहिले, ते अठराव्या शतकात. पुढे १९५६पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चालला. शहरातला तात्यापारा हा मोहल्ला आणि चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ या दोन्ही गोष्टी त्याच खुणा सांगतात. तेव्हा टेबलाशी नागपूरहून आलेली आजी आहे, रायपूरला सासर असलेली आत्या आहे आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेली नात आहे. मागवलेला पदार्थ येतो. आजी काडी बाजूला ठेवून चमच्याने एक तुकडा उचलते, निरखते आणि आत्या शेजारून म्हणते, ''अहो आई, हा तर आपला फरा!''

आत्याचं काही चुकलेलं नाही.

फरा हा छत्तीसगडच्या घराघरातला पदार्थ. तांदळाचं पीठ, कधी त्यात रात्रीचा उरलेला भात, मीठ आणि पाणी घालून मळायचं. तळहातांमध्ये घोळवून बोटाएवढ्या वळ्या करायच्या. त्या वाफवायच्या आणि वरून मोहरी, तीळ, मिरची, कढीलिंबाची फोडणी द्यायची. गोडाचा फरा हवा असेल, तर फोडणीऐवजी गुळाचं पाणी. मूठ वळून केला, की त्याचाच मुठिया होतो. तेलाचा वापर जेमतेम, आणि गव्हाचा कण नाही.

आता कोरियन 'तोक' पाहावा. तांदूळ भिजवून दळायचा, ते पीठ वाफवायचं आणि मग लाकडी मोगरीने कुटून-कुटून त्याचा चिवट गोळा करायचा. त्याच्या लांबच लांब वळ्या ओढायच्या. हल्ली हे काम यंत्र करतं. कोरियन नववर्षाच्या दिवशी याच वळ्यांच्या चकत्या सूपमध्ये घालून खातात आणि ते वाडगंभर सूप प्यायलं, की माणूस एका वर्षाने मोठा झाला, असं मानतात. फरा नुसता मळतात, तोक कुटतात, म्हणून तोक दाताखाली रबरासारखा ताणला जातो. फरक एवढाच. बाकी तांदूळ, वाफ आणि वळी हे तिन्ही तेच.

तोकबोक्कीचा तो लाल अवतार मात्र तसा अलीकडचा. पूर्वी तो दरबारी पदार्थ होता, सोयाच्या रसात परतलेला, तिखटाचा मागमूस नसलेला. सेऊलच्या सिनदांग भागात मा बोक-रिम या बाईंनी १९५३च्या सुमारास तिखट गोचुजांग घालून तो रस्त्यावर विकायला सुरुवात केली, असं सांगतात. त्याच वर्षी जुलैत कोरियाचं युद्ध थांबलं होतं. देश भाजून निघालेला, तांदूळ दुर्मीळ. त्यामुळे पुढे बराच काळ तोक मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाचेही केले गेले. मालिकेत झगमगणारा हा खाऊ मुळात गरजेतून रस्त्यावर आलेला आहे. आणि जाता जाता हेही सांगायला हवं, की त्याच १९५३ साली युद्धकैद्यांची राखण करायला भारताची एक फौज कोरियात गेली होती आणि तिचे सेनापती होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. तेव्हा कोरियाशी मराठी माणसाची ओळख काही मालिकांपासून सुरू होत नाही.

गोचुजांग म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी. तिखट, चिकट तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची पूड एकत्र करून ती महिनोन् महिने मुरवतात. रंग पाहून घाबरायला होतं. पण जिभेवर पहिल्यांदा गोडवा येतो, मग तिखट. कोरियन मिरचीचा रंग जहाल आणि तिखटपणा बेताचा, आपल्या ब्याडगीसारखा. मिरची तिथेही परकीच! आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. कोरियात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा उल्लेख सापडतो, तोही परदेशातून आलेली चीज म्हणून. आज मिरचीवाचून ना कोल्हापूरचं पान हलत, ना सेऊलचं.

एव्हाना आजीने खरा प्रश्न विचारलेला असतो. ''यात काय काय घातलंय?''

हा प्रश्न विचारायला लाजू नये. नात कितीही चुळबुळली, तरी विचारावाच. कोरियन पाककलेत भाज्या भरपूर असल्या, तरी शुद्ध शाकाहारी पदार्थ कमी. रश्शाचं पाणी बहुधा सुक्या मासळीचं असतं. तोकबोक्कीत माशाच्या वड्यांच्या पट्ट्या पडतात. किमचीत मिठातली कोळंबी किंवा माशाचा अर्क घालायची पद्धत आहे. बिबिमबापवर अंडं असतं आणि किंबापमध्येही बहुतेक वेळा. आपल्याकडचे पुष्कळ विक्रेते गिऱ्हाईक ओळखून शाकाहारी प्रकार ठेवतात, मासळीऐवजी पनीर किंवा मशरूम घालतात. पण फलकावर 'व्हेज' लिहिलंय म्हणजे रस्सा आणि किमचीही तशीच असेल, असं धरून चालू नये. रश्शाचं पाणी कसलं, किमची कशात मुरवली, परतायची कढई वेगळी आहे का, एवढं विचारलं, की आजीही निर्धास्त जेवते. किमची बाटलीतली असेल, तर बाटलीवरची हिरवी खूण पाहून घ्यावी.

गंमत म्हणजे आजीची पथ्यं कोरियाला अनोळखी नाहीत. तिथल्या बौद्ध मठांत मांस-मासळी तर वर्ज्यच, शिवाय कांदा-लसणाच्या जातीच्या पाच उग्र वस्तूही चालत नाहीत. मठातली किमची लसणाशिवाय होते. चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला हे कोणी समजावून सांगायला नको!

बिबिमबाप मात्र सर्वांना सहज जमतो. 'बिबिम' म्हणजे कालवलेला आणि 'बाप' म्हणजे भात. शब्द ऐकून टेबलावर हशा पिकतो, हे ओघानं आलंच. वाडग्यात भात, वर पालक, गाजर, मोड, काकडी यांच्या वेगवेगळ्या राशी मांडलेल्या, मधोमध लाल चटणी. मुलं आधी फोटो काढतात आणि तो अलगद कडेकडेने खाऊ लागतात. तसं करायचं नसतं. चमचा घालून सगळं मनसोक्त कालवायचं आणि मगच खायचं. कालवण्यात आपण काही कमी नाही. भात खायला कोरियन माणूस चमचाच वापरतो, काड्या भाज्या उचलायला. त्यांच्या घरात आणि खाणावळीत भाताची वाटी स्टीलची, झाकणाची असते, अगदी आपल्या डब्यासारखी. वडीलधाऱ्यांनी घास घेतल्याशिवाय धाकट्यांनी सुरुवात करायची नाही, हाही तिथला रिवाज. आणि भेटल्यावर 'कसे आहात' असं विचारण्याऐवजी 'जेवलात का?' विचारायची पद्धत.

राहिली किमची. कोबीच्या जातीचा लांबट गड्डा मिठात मुरवून, पानापानाला तिखट-लसूण-आल्याचा लेप देऊन आंबवलेला. थंडीच्या तोंडाशी शेजारणी-पाजारणी एकत्र जमून हिवाळ्याची किमची घालतात, तिला 'किमजांग' म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ही प्रथा मानवजातीच्या वारशाच्या यादीत नोंदली. गच्चीवर पापड-कुरडया घालणाऱ्या आपल्या बायकांचा घोळका ज्याने पाहिलाय, त्याला किमजांगचं चित्र लगेच उभं राहील. आंबट वासाने नाक मुरडणाऱ्याला मात्र आत्याने आठवण करून द्यावी, ती बासीची.

बासी म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात. ताजा भात पाण्यात घातला तर तो 'बोरे'. सकाळपर्यंत तो किंचित आंबतो. मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, जमलं तर दही, एवढ्यावर छत्तीसगडचा शेतकरी उन्हाळ्यात शेतावर जातो. वर्षानुवर्षं हे गरिबाचं खाणं म्हणून शहरी घरांत ते पाहुण्यांसमोर येत नसे. २०२२च्या १ मे रोजी, कामगार दिनाला, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सर्वांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं आणि अधिकारी मंडळी कांदा-मिरचीसह बासीचे फोटो काढून घेताना दिसली. आंबवलेला कोबी काचेच्या वाटीत आला तर कौतुकाचा, आणि आंबवलेला भात कांस्याच्या थाळीत आला तर गरिबीचा, हा हिशेब काही पटत नाही.

म्हणूनच फूड कोर्टातल्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मंडळींनी महंत घासीदास संग्रहालयाकडे वळावं. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली हे संग्रहालय सुरू केलं. त्याच्या आवारात २०१६च्या प्रजासत्ताक दिनी 'गढकलेवा' नावाचं खाद्यगृह उघडलं. राज्याच्या संस्कृती विभागाचा हा उपक्रम, चालवायला महिला बचत गट. झाडांखाली बसायचं, सजावट खेडेगावच्या घरासारखी, आणि खायला चीला, फरा, मुठिया, चौसेला, धुसका, अंगाकर रोटी, ठेठरी, खुरमी. जवळपास सगळीकडे तांदूळ! अइरसा समोर आला, की आजी ओरडतेच, कारण तांदळाचं पीठ आणि गूळ घालून तळलेला हा पदार्थ म्हणजे आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ, फक्त खसखस नाही.

इथला फरा आणि काल मॉलमध्ये खाल्लेला तोक यांच्यात चवीचा सामना लावण्यात अर्थ नाही. पण घराघरात होणारा पदार्थ संग्रहालयाच्या आवारात खायला जावं लागतं, ही गोष्ट थोडी टोचते. तांदळाचंही तेच झालंय. डॉ. आर. एच. रिछारिया या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात या मुलखातून हिंडून तांदळाचे हजारो देशी वाण गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या साठ्यात आज तेवीस हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. शेतात मात्र बहुतेक स्वर्णा, महामाया अशी मोजकीच सुधारित नावं दिसतात. जिराफूल आणि नगरी दुबराज या सुवासिक वाणांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, तेवढाच दिलासा. रायपूरहून येताना मिठाईऐवजी किलोभर दुबराज आणला, तर घरी भात शिजताना शेजारीण चौकशीला येईल.

नातीचं म्हणाल, तर तिला फरा आवडतो. ती त्यावर मोबाइलमधून गोचुजांगची कृती शोधून काढते आणि आत्याच्या स्वयंपाकघरात फरा लाल रश्शात सोडते. आत्या आधी कपाळाला हात लावते, मग वाटी पुढे करते. घरी करून पाहायचा असेल, तर ब्याडगीचं तिखट, लसूण, थोडा गूळ आणि सोया सॉस यांच्या रश्शावर काम भागतं. मासळीच्या पाण्याची जागा वाळलेल्या मशरूमचं पाणी घेतं.

जायला सोपं आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावर नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत गाडी रायपूरला पोचते. डोंगरगडला उतरून बम्लेश्वरीचं दर्शनही होतं. हिवाळा उत्तम, उन्हाळ्यात बासीवाचून निभाव लागत नाही. आणि फरा असो की तोक, ताटात आल्याबरोबर गरमागरम खावा. फोटो काढेपर्यंत थांबलात, तर दोन्ही सारखेच चिवट होतात.