आरशाला पुन्हा पारा

आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात ज्याचे नाव एकदा लागले, तो आज ना उद्या त्या रजिस्टराकडे परत येतोच. स्वतःसाठी आला नाही तरी मुलांसाठी येतो. जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांच्या शाळेतील नोंद मागितली जाते, आणि ती नोंद ज्या पानावर आहे ते पान वाळवीने खाल्ले असेल, तर पुढच्या पिढीचा प्रवेश अडतो. आपल्या समाजाच्या हाती सातबारा क्वचितच होता. पुष्कळांच्या घरचा पहिला लेखी पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. म्हणून ही सारी रजिस्टरे स्कॅन करून संस्थेच्या कल्याण येथील कार्यालयातील सर्व्हरवर ठेवण्यात आली. काही पाने आता मूळ कागदावर वाचताच येत नाहीत. ती त्या यंत्रातच वाचता येतात.

या यंत्रावर फ्रीबीएसडी नावाची कार्यप्रणाली चालते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स जन्मली, तिच्याच घराण्यातील ही शाखा बर्कली विद्यापीठात वाढली. यंत्रात दोन हार्ड डिस्क आहेत आणि त्या परस्परांचा आरसा आहेत. एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडले. बाकीचा मजकूर सोपाऱ्यात नाहीसा झाला आहे. तरीही त्या फुटक्या ओळींत राजा धम्मयात्रेविषयी बोलतो आहे, हे आपण खात्रीने सांगू शकतो. कारण थोड्याफार बोलीभेदाने तोच लेख गिरनार, कालसी आणि शाहबाजगढी येथेही कोरलेला आहे. एकच शिळा कोरून राजा थांबला असता, तर सोपाऱ्याच्या तुकड्याचा अर्थ लावताना विद्वानांचे आयुष्य गेले असते.

गेल्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून दाखल्यांसाठी रांगा लागल्या असताना, एका मंगळवारी सकाळी यंत्राने निरोप पाठवला : जोडी ‘डिग्रेडेड’ झाली आहे. एक डिस्क गेली होती. दाखले मात्र निघत होते. रांगेतल्या कोणाला काही कळलेही नाही. आपला एक माजी विद्यार्थी डोंबिवलीला राहतो आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सर्व्हर सांभाळण्याचेच काम करतो. त्याला फोन केला. “जय भीम, सर. यंत्र बंद करू नका,” तो म्हणाला. “दुसरी डिस्कही त्याच वयाची आहे. इतकी वर्षे अखंड फिरलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच, असे सांगता येत नाही.” त्या रात्री त्याने आधी सगळ्याची तिसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून घेतली. बुधवारी अर्धी रजा टाकून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली नवी डिस्क घेऊन तो सकाळीच हजर झाला.

मला वाटले होते, जुनी काढायची आणि नवी बसवायची, पाच मिनिटांचे काम. त्याने पहिला अर्धा तास कशालाही हात लावला नाही. बिघडलेली डिस्क कोणती, हेच तो पाहत होता. दोन्ही दिसायला सारख्या. चुकून चांगली ओढली गेली, तर चालू यंत्राच्या पायाखालची जमीनच निघून जायची. पडद्यावरचा अनुक्रमांक त्याने वहीत उतरवला. मग चांगल्या डिस्कवरून नुसते वाचत राहण्याची आज्ञा दिली. तिचा दिवा अखंड लुकलुकू लागला, दुसरीचा विझलेलाच राहिला. तेव्हा कुठे त्याने विझलेल्या दिव्याची पेटी ओढली आणि वरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला. दस्तऐवजाची शहानिशा मी वर्गात शिकवतो. ती इतक्या काटेकोरपणे केलेली फार वेळा पाहिलेली नाही.

नवी डिस्क जुनीपेक्षा तसूभरही लहान असून चालत नाही, यंत्र ती नाकारते. तीवर आधी जुन्यासारखेच विभाग पाडावे लागतात आणि यंत्र सुरू करणारा छोटासा भागही लिहावा लागतो. तो राहून गेला, तर माहिती शाबूत असूनही पुढे एकट्या या डिस्कवर यंत्र उठत नाही. हे सारे झाल्यावर बदलीची आज्ञा दिली गेली आणि पडद्यावर शब्द आला, ‘रीसिल्व्हर’. आरशाच्या पाठीवरचा मुलामा उडाला की तो पुन्हा चढवतात, त्यावरून हा शब्द आला. आपण म्हणू, पारा चढवणे. सुमारे सहाशे गिगाबाइट मजकूर उतरायला तीन तास लागले. कोऱ्या जागेची नक्कल ही प्रणाली करत नाही, नाहीतर रात्र झाली असती.

ते तीन तासच खरे जोखमीचे. उरलेल्या एकुलत्या एका डिस्कवर वाचनाचा सगळा भार, आणि त्याच वेळी दाखलेही चालू. मुरबाडहून एसटीने आलेले एक पालक खिडकीशी उभे होते. त्यांचा दिवसाचा रोज बुडाला होता. लिपिक बाईंनी त्यांना १९८९ च्या नोंदीची प्रत काढून दिली, तेव्हा काम एकेचाळीस टक्क्यांवर आले होते. दुपारी पडद्यावर त्रुटी शून्य दिसल्या आणि आमच्या माजी विद्यार्थ्याने पहिला चहा घेतला.

“सर, आरसा म्हणजे बॅकअप नव्हे,” हे त्याने मला दोनदा ऐकवले. कोणी चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. आणि पाणी शिरले तर दोन्ही एकत्रच बुडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरली. पाऊस उघडल्यावर गच्च्यांवर वाळत घातलेल्या गुणपत्रिका मी पाहिल्या आहेत. शाई उतरून नुसते शिक्के उरलेले. म्हणून मंगळवारी रात्री काढलेली तिसरी प्रत कल्याणात ठेवली नाही. ती ठाण्याला संस्थेच्या एका विश्वस्तांच्या कपाटात, दुसऱ्या मजल्यावर आहे. दर महिन्याला ती नवी केली जाते. जोडीतली दुसरी जुनी डिस्कही ऑगस्टमध्ये, बिघडण्याची वाट न पाहता, याच रीतीने बदलली.

बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत करावी, असे हिशेब पाहणाऱ्यांचे म्हणणे होते. तीवर शेकडो मुलांची नावे, जाती, पत्ते होते. ती परतही दिली नाही आणि भंगारातही घातली नाही. आपल्याच वसतिगृहातून आयटीआयला गेलेल्या एका मुलाने तिला चार ठिकाणी ड्रिलने आरपार भोके पाडली, आणि मग लिपिक बाईंनी जडसंग्रह नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘निर्लेखित’ असे लिहिले.