सहीआधी विचारायचा प्रश्न

‘डॉक्टर, काही होणार तर नाही ना?’ शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ म्हणून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं प्रामाणिक उत्तर ‘सहसा नाही’ एवढंच देता येतं आणि त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. शस्त्रक्रियेचा धोका एकटा मोजून उपयोग नाही; शस्त्रक्रिया न करण्याचा धोका शेजारी ठेवला, तरच त्याला अर्थ येतो, असं माझं ठाम मत आहे.

पित्ताशयातले खडे घ्या. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण ३ ते ५. खड्यांमुळे वारंवार कळा येत असतील किंवा एखादा खडा नलिकेत उतरून स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर थांबणं याहून कितीतरी धोक्याचं. पण दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि तक्रार काहीच नसेल, तर अशा शंभर जणांपैकी वर्षाकाठी १ ते ४ जणांनाच त्रास सुरू होतो. बहुतेकांना तो आयुष्यभर होत नाही. तेव्हा सहसा थांबणंच बरं. शस्त्रक्रिया तीच, आकडा तोच, निर्णय मात्र उलटा.

आकडा कसा सांगितला जातो, यानेही फरक पडतो. बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा पर्याय लोकांपुढे ठेवला. शस्त्रक्रियेतून ‘शंभरातले ९० वाचतात’ असं ऐकणाऱ्यांपेक्षा ‘१० दगावतात’ असं ऐकणाऱ्यांनी ती कमी निवडली. या फरकातून डॉक्टरही सुटले नाहीत. म्हणून प्रत्येक आकडा दोन्ही बाजूंनी ऐकावा.

एवढं सांगितलं तर रुग्ण घाबरेल, असा आक्षेप घेतला जातो. पण क्वचित घडणाऱ्या प्रत्येक गुंतागुंतीची यादी वाचा, असं कुणीच म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २००८ च्या निकालातही तशी अपेक्षा नाही. उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि नकार दिल्यास होणारे परिणाम सांगावेत, असं त्यात म्हटलं आहे. त्या खटल्यात दुर्बिणीच्या तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढण्याला लागू होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दुसरा आक्षेप, ‘यातलं डॉक्टरांनाच कळतं.’ शक्यता डॉक्टरांना कळते, हे खरं. नुकसानाची किंमत मात्र रुग्णालाच ठाऊक असते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते. गाण्यावर पोट असणाऱ्या बाईला आणि एरवी बेताचंच बोलणाऱ्या माणसाला ही इजा सारखी कशी असेल? जीव वाचवण्याची घाई असते तेव्हा एवढा विचार करायला सवड नसते, हे मान्य. पण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला ती सबब चालत नाही.

आदल्या रात्री खाटेवर संमतीपत्र येतं, बोट ठेवलेल्या जागी सही होते. ती सही खरी संमती ठरायची असेल, तर तारीख ठरण्याआधीच ‘नाही केली तर काय होईल?’ हे विचारा आणि उत्तर समजेपर्यंत पेन उचलू नका.