मंडपातली प्रीती

प्रीतीला एकांत हवा, ही कवींनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली समजूत ज्या चित्रपटांनी प्रसन्नपणे दूर सारली, त्यांत सूरज बडजात्या यांच्या ‘हम आपके हैं कौन’ला मी अग्रस्थान देतो. १९९४ साली मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात लागून शंभराहून अधिक आठवडे तेथेच मुक्काम केलेल्या या चित्रपटात नायक-नायिकेच्या वाट्याला एकांत असा फारसा येतच नाही.

नायकाच्या थोरल्या भावाचे लग्न नायिकेच्या थोरल्या बहिणीशी ठरते आणि त्या मंगलकार्याच्या सरबराईत धाकट्यांची मने जुळतात. वर मंडपात बसला की मेव्हण्यांनी त्याचे जोडे पळवायचे आणि बिदागी वसूल केल्याखेरीज परत द्यायचे नाहीत, हा उत्तरेकडील दस्तूर आपल्या कानपिळीचा सख्खा भाऊच. त्या लटक्या लढाईत, दोन्ही पक्षांच्या कोलाहलात, नायिका निशा आणि नायक प्रेम एकमेकांना अडवीत, चिडवीत, पारखीत जातात. निशा माधुरी दीक्षित, तिची बहीण रेणुका शहाणे, आई रीमा लागू, आणि संगीत ‘राम लक्ष्मण’ या नावाने विजय पाटील यांचे. त्यामुळे ते परप्रांतीचे कार्य मराठी प्रेक्षकालाही आपल्याच वाड्यातले वाटले, यात नवल नाही.

परंतु या कथेचे मर्म उत्सवात नाही. ‘नदिया के पार’ या १९८२ सालच्या चित्रपटातील ग्रामीण घरातून ती या श्रीमंत हवेलीत आली, तरी मधला आघात तोच राहिला: थोरली बहीण अकाली निवर्तते, तान्ह्या बाळाला आई हवी म्हणून वडीलधारे मसलत करतात आणि निशेचे लग्न बहिणीच्या दिराशी नव्हे, मेव्हण्याशी ठरते. निशा आणि प्रेम दोघेही मुकाट्याने आपल्या सुखावर पाणी सोडतात. अशा वेळी प्रेमकडे न्यायची निशाची चिठ्ठी टफी नावाचा कुत्रा थोरल्या भावाच्या हाती देतो, आणि तो भाऊ, सारा इतमाम सिद्ध असताना, स्वतःचे लग्न थांबवतो.

धाकट्यांच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या कथा आपल्याकडे उदंड आहेत. पण तो त्याग कळताक्षणी नाकारणारा वडीलधारा दुर्मीळ, आणि घराला घरपण येते ते अशाच माणसामुळे, हे हसतखेळत सांगणाऱ्या या चित्रपटावर म्हणूनच माझा मनापासून लोभ आहे.