अंगठा बोटांच्याच बाजूला

मँचेस्टरला लेकीकडे गेलो, की पाहुण्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. त्या संपल्या तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, आज खास तुमच्यासाठी एक जागा." गाडी चेशायरमधल्या पॉइंटन गावी आली. तिथे अ‍ॅन्सन नावाच्या जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर इंजिनांचं संग्रहालय आहे.

इंजिनं म्हणजे आगगाडीची नव्हेत. एका जागी बसून पंप, गिरण्या, कारखाने चालवणारी. दोघा हौशी माणसांनी जमवलेल्या इंजिनांतून हे संग्रहालय उभं राहिलं. आता स्वयंसेवक ते सांभाळतात आणि ठरावीक दिवशी इंजिनं चालवूनही दाखवतात.

मँचेस्टरच्या क्रॉसली बंधूंची गॅसवर चालणारी इंजिनं इथे आहेत. जर्मनीतल्या ऑटोने 1876 मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं आणि क्रॉसलींनी ते इंग्लंडमध्ये बनवायचे हक्क मिळवले. ब्रिटनमध्ये बनलेलं पहिलं डिझेल इंजिनही इथेच पाहिलं. मिर्लीस कंपनीने ते 1897 मध्ये ग्लासगोला बनवलं होतं.

पण माझे पाय खिळले ते एका हिरव्या लिस्टरपाशी. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन जड चाकं. मिनिटाला जेमतेम साडेसहाशे फेरे. इंग्लंडमधल्या डर्सली गावचं हे इंजिन इतकं साधं आणि दणकट, की आपल्या राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि त्या गावोगाव पोहोचल्या.

तसंच एक इंजिन रायपूरजवळच्या एका धानाच्या गिरणीत होतं. माझे वडील तिथे मिस्त्री होते. बेअरिंग तापलंय का ते हाताच्या पाठीने बघायचे. "इंजिन बोलतं, ऐकायला शीक," म्हणायचे. पुढे त्यांचे कान गेले, तरी जमिनीची थरथर पायांना कळायची. गिरणीत विजेची मोटर आली. काही वर्षांनी इंजिन भंगारात किलोच्या भावाने गेलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आम्हा मुलांना ते तेव्हा हट्टी वाटले होते.

पॉइंटनच्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने व्हॉल्व्ह उचलून धरला आणि हँडल हाती घेतलं. माझ्या तोंडून नकळत मराठीत निघालं, "अंगठा बोटांच्याच बाजूला!" अंगठ्याने हँडलला विळखा घातला आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर हाड मोडतं. बाबांचा हा पहिला धडा. जावयांनी इंग्रजीत सांगितलं तसा तो हसला आणि त्याने मूठ पुढे केली. अंगठा बोटांच्याच बाजूला होता! मग चाकं गरगरली, व्हॉल्व्ह सुटला, आणि टुक्... टुक्... टुक्... पन्नास वर्षांपूर्वीची गिरणी समोर उभी राहिली.

नातू म्हणाला, "आजोबा, रडताय का?" म्हटलं, "धूर गेला रे डोळ्यांत."

रात्री रायपूरला धाकट्या भावाला फोन केला. विचारलं, इंजिनाचं काही उरलंय का? तो म्हणाला, "दादा, हँडल आहे ना. मागच्या दाराला अडसर म्हणून लावतो."

"काढून ठेव," म्हटलं. "तेल लावून ठेव. मी येतोय."